सगळ्यांना ऐकू जायचं

"नुएवा एस्पिगा."

"आहे. एकाला ताप, बाकी बरं. ओव्हर."

"दोस बोकास."

"आहे. मीठ संपलंय. औषधाचं नव्हे, जेवणाचं. ओव्हर."

"हा आरोग्याचा रेडिओ आहे, वाण्याचं दुकान नाही. पुएर्तो ग्रासियेला."

"आहे. दोस बोकासला सांग, मीठ माझ्याकडे आहे. होडी जाईल तेव्हा देते. ओव्हर."

"सान होनोरियो."

"आहे, वन्सं. तुमचा भाऊ अजून मच्छरदाणीत लोळतोय. आळसावर एखादी गोळी असली तर पाठवून द्या. ओव्हर."

हसू रेडिओवर येत नाही. बटण दाबून कोणी हसत नसतं. पण दर सकाळी सान होनोरियोच्या विल्माचं बोलून झालं की सगळ्या नदीवर, चौक्याचौक्यांतून, मंडळी हसताहेत हे ओर्फेलिना कानाकिरीला खाली बंदरावरच्या खोलीत बसून कळायचं. ती मात्र हसायची नाही. फेरी घेणाऱ्या बाईने हसायचं नसतं. केस घट्ट बांधून बसायचं, नावं पुकारायची.

*

फेरीचे नियम ओर्फेलिनानेच घालून दिलेले होते. चर्चच्या नन्सनी आरोग्य मंडळ सुरू केलं, त्या म्हाताऱ्या झाल्या, परत गेल्या, नियम राहिले.

संकट एकदाच सांगायचं. सांगून झालं की बटणावरचं बोट काढायचं आणि गप्प बसायचं, कारण त्याच वेळी आणखी कोणाच्या घरात कोणी मरत असेल. पुन्हापुन्हा ओरडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं. "मिळालं" असं उत्तर आलं की रुग्णाला हलवायचं नाही. जो जवळ असेल त्याची होडी येते. कोणाची, ते सांगायला लागत नाही. सगळे ऐकत असतात, ज्याला जमतं तो "निघालो" म्हणतो.

आणि एखादी चौकी हाकेला ओ देत नसेल तर शेजारच्या चौकीने जाऊन बघून यायचं. बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असे. जाणारा शिव्या देत परत यायचा. पण जायचा.

आर्किमेदेस हा तिचा धाकटा भाऊ. नदीच्या पार वरच्या टोकाला, सान होनोरियोला, चौकी त्याच्याकडे होती. हे नियम त्याला तिने कान धरून शिकवले होते. सुरुवातीला तो घाबरून तेच तेच सांगत सुटायचा. "एकदा सांग, आर्की," ती सगळ्या नदीसमोर म्हणायची. "मी बहिरी नाही." मग तो एकदाच सांगायला शिकला. इतका, की त्याच्याइतकं नेमकं कोणी बोलत नसे.

*

ते आलं कसं, तर गोवर येतो तसं. ह्या घरातून त्या घरात.

आधी कोळ्यांच्या संघाकडे आलं. मग चर्चच्या शाळांकडे. आकाशाकडे तोंड करून बसलेली पांढरी थाळी आणि तिच्याखाली हातात धरून निरोप लिहायची काचेची पाटी. जिल्ह्याच्या बैठकीला गेलं की कोळी आपापल्या पाट्या टेबलावर मांडून बसायचे आणि आरोग्य मंडळाची माणसं हात टेबलाखाली घेऊन. एकदा परतताना लाँचमध्ये मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की मासे मोजणाऱ्यांकडे आहे आणि माणसं जगवणाऱ्यांकडे नाही, हे बरं दिसत नाही. कोळ्यांना ते कशासाठी हवं होतं हे कोणी विचारलं नाही. विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. कोळ्यांना नवीन इंजिनं मिळाली होती ती त्या पाट्यांमुळेच, असं सगळे धरून चालले होते.

देणारी संस्था समुद्रापलीकडची होती. तिची अट साधी होती: सगळ्या चौक्या, नाहीतर एकही नाही. आणि प्रत्येक चौकीत सूर्याची बॅटरी एकच. ती थाळीला लावली की रेडिओला उरत नाही.

इंजिनियर ओलार्ते लिमाहून आला. वाईट माणूस नव्हता. डास चावून चावून त्याचे पाय सुजले तरी तक्रार करायचा नाही, मासातो, कंदांचं आंबवलेलं पेय, पुढे केलं की वाटी रिकामी करायचा. ओर्फेलिनाने त्याला एकच विचारलं: ह्यावर बोललेलं ऐकतं कोण?

तो म्हणाला, सगळं एकाच ठिकाणी येतं. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. एका पडद्यावर सगळी नदी.

"आणि तो पडदा कुठे?"

"तुमच्या टेबलावर, सेन्योरा ओर्फेलिना. आणखी कुठे असणार?"

तिला ते आवडलं. ते आवडायला नको होतं, पण आवडलं.

*

सगळे तयार झाले. सान होनोरियो सोडून.

आर्किमेदेसची कारणं फुसकी होती. काच बघून डोळ्यांना पाणी येतं. थाळी चोरीला जाईल. थाळीवर गिधाडं बसतील. खरं कारण त्याला सांगता येत नव्हतं. त्याला सकाळी मच्छरदाणीत पडून फेरी ऐकायची होती, इतकंच असावं.

ओर्फेलिना स्वतः वर गेली. लाँच, मग पेके-पेके, म्हणजे लहान इंजिनाची होडी, मग पाणी उतरलेलं असल्यामुळे शेवटी चिखलातून पायी. ओलार्तेने शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते ती चुलीशी बसून करणार होती, म्हणून तर मंडळाने तिला पाठवलं होतं. नदीवर कोणी यंत्रावर विश्वास ठेवत नाही. माणूस बघतात.

ती भावाशी बोललीच नाही. विल्माशी बोलली. लिमात मिरचीच्या गोदामात काम करणारी विल्माची दोन मुलं, त्यांची तोंडं त्या काचेत दिसतील, रोज दिसतील, असं म्हणाली.

विल्मा केळी सोलत होती. सुरी थांबली.

"रोज?"

"ढग नसतील तेव्हा."

"आणि बोलतीलही?"

"तुझं ऐकून घ्यायची त्यांची तयारी असली तर."

विल्मा हसली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली की वन्सं एवढ्या चिखलातून आल्यात, आता नाही म्हणणारा तू कोण लागून गेलास. आणि ओर्फेलिनाला म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हणून हं. उद्या बंद पडलं तर आणून तुमच्याच टाळक्यात घालीन."

दुसऱ्या दिवशी आर्किमेदेसने वेळूच्या खांबावरून रेडिओची तार उतरवली. हळूहळू गुंडाळली, जशी मासेमारीची दोरी गुंडाळतात. ओलार्तेच्या माणसांनी त्याच खांबावर थाळी बसवली.

*

पहिले काही महिने बरे गेले. हेही सांगायला हवं. दोस बोकासच्या एका बाळंतिणीला पडद्यावरच्या निरोपामुळे वेळेवर खाली आणता आलं. गोळ्यांचा हिशेब चुकेनासा झाला. विल्माला तिची मुलं दिसली. धाकटा बारीक झालाय म्हणून ती दोन दिवस जेवली नाही.

सकाळी ओर्फेलिना केस बांधून पडद्यापुढे बसायची. चौक्यांची नावं एकाखाली एक. निरोप आला की नाव हिरवं, नाही आला की राखाडी. ढग असले की अर्धी नदी राखाडी. पाऊस असला की सगळी. सुरुवातीला राखाडी नाव बघून ती दर तासाला उठून पडद्याशी परत यायची. मग येईना. राखाडी म्हणजे ढग.

आणि शेजारच्या चौकीला तर शेजारीण राखाडी आहे हे कळतही नव्हतं.

*

आता लाल ओळ, म्हणजे संकटाचा निरोप.

यानायाकू नदीवरची माणसं बघायला आली होती. तिथलंही एक मंडळ होतं, गरीब, नुसतं नावाला. दोन शाळामास्तर, चर्चची एक बाई, गावांचे तीन-चार पुढारी. आपल्याकडे थाळ्या आल्या होत्या, आता त्यांच्याकडे जायच्या होत्या. देणारी संस्था म्हणाली होती, आधी त्यांना दाखवा. ओलार्ते मुद्दाम आला. रिकामा पडदा दाखवून काय उपयोग, म्हणून त्याने आदल्या दिवशी बसून सरावाचे निरोप भरून ठेवले. अडलेलं बाळंतपण. ताप. झाडावरून पडलेला माणूस. सगळे लाल, सगळे खोटे, खाली खऱ्या चौक्यांची नावं. ओर्फेलिनाला त्याने ते एकेक करून दाखवले होते.

ऊन कडक होतं, आकाश स्वच्छ. खोलीत घामाचा आणि तळलेल्या केळ्यांचा वास. ओर्फेलिना उभी राहून सांगत होती आणि चांगलं सांगत होती. चर्चची बाई मान डोलवत होती. तेवढ्यात घंटी वाजली आणि नवी ओळ वर आली.

सान होनोरियो. साप, खेर्गोन. बाई. पोटरी.

ओर्फेलिनाने ओलार्तेकडे पाहिलं. ह्या इंजिनियर पोराने सरावाची ओळ सोडायला वेळ काय साधली, असं तिला वाटलं. ओलार्तेने तिच्याकडे पाहिलं. भावाला सांगून हिने वेळेवर पाठवायला लावलं, असं त्याला वाटलं. दोघं एकमेकांकडे बघून हसली.

"हे बघा," ती पाहुण्यांना म्हणाली. "चार दिवसांवरची चौकी. आणि मी हे असं करते."

तिने ओळीवर बोट ठेवलं. 'मिळालं' असं उमटलं आणि ओळ हिरवी झाली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग जेवण झालं. पानात भाजलेला मासा होता.

*

रेडिओ असता तर जे ऐकू आलं असतं:

"सान होनोरियो. खेर्गोन चावला. विल्मा आहे. पोटरीत. ओव्हर."

"मिळालं, आर्की. हलवू नकोस. ओव्हर."

"पुएर्तो ग्रासियेला. माझ्या फ्रीजमध्ये विषावरची लस आहे. निघाले. ओव्हर."

"दोस बोकास. तिओलिंदा, तुझं इंजिन नीट नाही, माझं घेऊन येतो, वळणावर भेट. ओव्हर."

"नुएवा एस्पिगा. आम्ही प्रार्थना करतोय. ओव्हर."

"प्रार्थना बटण सोडून करा. आर्की, पाय खाली ठेव, बांधू नकोस. ऐकतोयस? ओव्हर."

"ऐकतोय, ताई."

आणि मागून, बटण सुटण्याआधी, एका बाईचा आवाज: त्यांना म्हणावं एवढा गोंधळ नको, मला अजून मेल्यासारखं वाटत नाही.

ह्यातलं काही झालं नाही.

*

झालं ते असं. आर्किमेदेसने लिहिलं, एकदा. उत्तर आलं: मिळालं. त्याने पाटी कोरड्या जागी ठेवली, बायकोला हलवलं नाही, पाय खाली ठेवला आणि नदीच्या बाजूला तोंड करून बसला. त्याची स्वतःची होडी खाली बांधलेली होती. टाकीत तेल होतं. खालून येणारी होडी वाटेत चुकेल म्हणून तो निघाला नाही. विल्मा आधी चेष्टा करत होती, मग पाणी मागत होती, मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, पुन्हा लिही. तो म्हणाला, मिळालं म्हणालीय. ताई आहे तिथे.

पाहुण्यांची लाँच सुटल्यावर ओलार्ते सरावाचे निरोप पुसायला बसला. एक पुसला जाईना. त्याचा नव्हता, म्हणून.

त्याने ओर्फेलिनाला हाक मारली. तिने ओळ वाचली, आणि कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

तिने पुएर्तो ग्रासियेलाला लिहिलं. तिओलिंदा युकाच्या कंदांच्या शेतात होती. पाटी घरी, डब्यात, उंदरांपासून जपून ठेवलेली. ओर्फेलिना लिहीत राहिली. तेच ते, पुन्हा पुन्हा, अख्खा पडदा भरेपर्यंत. तिओलिंदाने संध्याकाळी डबा उघडला आणि होती तशी, चिखलाच्या पायांनी, लस घेऊन निघाली. ती पोचली तेव्हा विल्माला नीट ओळख पटत नव्हती. लस टोचली. उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी विल्मा गेली.

*

ओर्फेलिना पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. लिमाची मुलं येऊ शकली नव्हती. कोणीतरी पाटी खड्ड्यावर धरली होती, त्यातून त्यांनी पाहिलं.

आर्किमेदेस ओट्यावर जाळं शिवत बसला होता. तिने त्याच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पाहुणे, सरावाचे निरोप, टाळ्या. टाळ्यांचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण सांगितलं.

त्याने आणखी एक गाठ मारून घट्ट ओढली.

"म्हणजे ते यंत्राने नाही म्हटलं," तो म्हणाला. "मिळालं, असं. तूच म्हटलंस."

"मीच."

"मी म्हटलं होतं बायकांना, ताईच आहे तिकडे." त्याने दोरा दातांनी तोडला. "दुसऱ्यांदा लिहावं असं आलं होतं मनात. पण तू ओरडली असतीस."

त्याने सुई जाळ्यात खोचली आणि विचारलं, जेवलीस का. ती नाही म्हणाली. त्याने उठून तिला फारिन्या, भाजलेला कंदाचा रवा, आणि मासा आणून दिला आणि ती जेवेपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

निघताना ती म्हणाली की मंडळाशी भांडून तुझा रेडिओ परत लावून देते, बॅटरी मी स्वतः आणते.

"कोणाशी बोलू त्याच्यावर?" तो म्हणाला. "बाकी सगळ्यांनी उतरवलेत. आणि ही पाटी राहू दे. मुलं संध्याकाळी येतात तिच्यात. त्यांना आईचं सांगावं लागतं, कशी गेली ते. रोज विचारतात."

*

चौकशी झाली. ओलार्तेने सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली आणि नंतर जिन्यात बसून रडला. सरावाचे निरोप आता निळे येतात.

*

यानायाकूच्या माणसांनी ऐकलं होतंच. नदीवर बातमी थाळीवाचूनही जाते. त्यांनी निरोप पाठवला: इंजिनियर नको. ती बाई पाठवा.

अध्यक्षांनी ओर्फेलिनाला बोलावलं आणि टेबलावरच्या पाटीकडे बघत म्हणाले की नाही म्हणालीस तरी समजू शकतो; पण तिथली गावं तुझ्यावर विश्वास ठेवतील. ती जाते म्हणाली. तिच्या मनात काय आहे ते तिने सांगितलं नाही. तिला हे तिथेच थांबवायचं होतं. सान होनोरियोला ती चिखलातून हो म्हणवायला गेली होती, आता यानायाकूला नाही म्हणवायला जायचं. एवढं एक जमलं तर त्या नदीवर कोणाची विल्मा मरणार नव्हती. ह्यापलीकडे तिला काही नको होतं.

सभा शाळेत भरली; थाळ्यांची खोकी तिथे आधीच येऊन पडली होती. पाणी लाकडी जमिनीखालून वाहत होतं. ती पुढे उभी राहिली आणि काही न वगळता बोलली. भावजयीचं नाव घेतलं. टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या, असं त्या मास्तरांकडे आणि चर्चच्या बाईकडे बघून म्हणाली, रागावून नव्हे. एका घराचं दुसऱ्या घराला ऐकू येणं गेलं की काय जातं ते सांगितलं. खोट्या ओळींमध्ये खरी ओळ कशी दिसते ते सांगितलं: अगदी तशीच दिसते. शेवटी म्हणाली की ह्या खोक्यांना हात लावू नका, रेडिओ धरून ठेवा.

गावाच्या प्रमुखाने टोपी काढली. सगळे उभे राहिले, मेलेल्या बाईसाठी, आणि खाली बसले.

मग मागच्या बाकावरची एक बाई उठली. तिथल्या चौकीवरची, इर्मेलिंदा माकुयामा नावाची. मूल छातीशी बांधलेलं, आवाज घोगरा.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "पण कुठला रेडिओ? आमच्याकडे तो तीन पुरांपूर्वी मेला. मी सकाळी त्याच्यावरची धूळ पुसते. गेल्या पावसाळ्यात इथे दोन बायका बाळंतपणात गेल्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही असं नाही. कोणाला कळलंच नाही. तुमच्या वहिनींना निदान उत्तर तरी आलं."

"चुकीचं उत्तर आलं."

"आलं तर खरं."

येताना ओर्फेलिनाने मनाशी सगळ्या प्रश्नांची उत्तरं घोळवली होती. हा त्यांत नव्हता. तिने खोलीभर पाहिलं. कोणी तिच्या नजरेला नजर देईना. त्यांना वाईट वाटत होतं, तिच्यासाठी.

प्रमुखाने विचारलं, कोणाकोणाला हवंय. हात वर गेले. शाळामास्तरांचे, चर्चच्या बाईचे, कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांचे. इर्मेलिंदाने मूल सावरून दुसरा हात वर केला.

सभा मोडल्यावर माणसं खोकी फोडायला लागली. तिच्यासाठी कोणीतरी मासातो आणलं. इर्मेलिंदा पाटी घेऊन शेजारी येऊन बसली, आणि ती उलटी धरली आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ओर्फेलिनाने ती सुलटी करून दिली.

"साप चावला," ओर्फेलिना म्हणाली. "पहिलं काय करशील?"

इर्मेलिंदाने पडद्यावर बोट नेलं.

"नाही." ओर्फेलिनाने तिचं मनगट धरलं, जरा जास्तच जोरात, मूल दचकून जागं झालं. "आधी होडी. माणूस होडीत घाल, इंजिन सुरू कर, निघ. मग लिही. लिहून झालं की पुन्हा लिही. उत्तर आलं तरी लिही. तिकडचा माणूस वैतागेल, शिव्या देईल, तरी लिही."

"तिकडे कोण असतं, ताई?"

ओर्फेलिनाने मनगट सोडलं. त्यावर तिच्या बोटांच्या खुणा उठल्या होत्या.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "चल, दाखव मला. होडी कुठे बांधतेस ते दाखव आधी."